भारतात कधीच न आलेल्या बाईचा पहिला नंबर

लग्नाकार्यात कुणी माझी ओळख "या दातार वहिनी, वकील आहेत, परदेशी लोकांच्या व्हिसाचं बघतात" अशी करून दिली, की पंगतीत माझ्या शेजारची जागा लगेच भरते. कुणाचा मुलगा अमेरिकेत अडकलेला असतो, कुणाच्या सुनेला कॅनडा खुणावत असतो. मी श्रीखंडाची वाटी जवळ ओढते आणि शांतपणे सांगते, "मी ते काम करत नाही हो. मी लोकांना इथून घालवून देते." मग ती जागा पुन्हा रिकामी होते आणि मला निवांत जेवता येतं.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगते. दिल्लीत आणि आसपास परदेशातून बायका फसवून आणल्या जातात. नोकरीचं आमिष असतं, कधी ब्यूटी पार्लरचं, कधी इस्पितळाचं. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतात, फ्लॅटमध्ये कोंडतात आणि पुढे जे काही करायला लावतात ते दिवाळी अंकात लिहायची गरज नाही, तुम्हाला कळतं. एक दिवस पोलिसांची धाड पडते आणि बाई सुटते. सुटल्या क्षणी ती आरोपी होते, कारण तिच्याकडे व्हिसा नसतो. कायद्याच्या नजरेत त्या एका बाईत दोघीजणी राहतात. एक, जिच्यावर अन्याय झाला ती. दुसरी, जिनं विनापरवाना देशात येऊन सरकारवर अन्याय केला ती. पहिलीला दुसरीच्या तावडीतून सोडवायचं आणि घरच्या विमानात बसवायचं, ही माझी वकिली.

पूर्वी हे काम कटकटीचं होतं, पण माणसांचं होतं. देश सोडायची परवानगी मागायला एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक वैतागलेला माणूस होता. वैतागलेल्या माणसाला त्याच्या गुडघ्याबद्दल विचारता येतं. पुढे पोर्टल आलं. पोर्टलला गुडघे नसतात. मग नियम बदलले, मग कायदाच बदलला, मग नव्या कायद्याचे नवे नियम आले, आणि त्या नियमांचा खुलासा करणारी परिपत्रकं आली, ज्यांच्यामुळे आधी जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं. आमच्या क्षेत्रातले वकील सकाळी उठून पेपर वाचत नाहीत, परिपत्रक वाचतात. पहिल्या परिपत्रकानं दिलेलं दुसरं काढून घेतं आणि तिसरं विचारतं, पहिल्याची प्रत जोडली आहे का?

अशीलही एकेक नमुना भेटतात. एकीला मी नाकी नऊ येऊन परवानगी मिळवून दिली, मोजक्या दिवसांची. बाई म्हणाली, "इतकी आलेच आहे तर ताजमहाल बघून जाऊ का?" मी कपाळावर हात मारला आणि गाडी ठरवली. ताजमहालाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पेठ्याच्या दुकानात मात्र घरच्या प्रत्येकासाठी वेगळा डबा बांधून घेताना तिला रडू कोसळलं. दुकानदाराला वाटलं, भाव जास्त लावला.

पण मला सांगायचं आहे ते नर्गिझाबद्दल. नाव अर्थातच बदललं आहे. समरकंदजवळच्या एका गावातली ही मुलगी. इकडे उपचारांसाठी येणाऱ्या तिच्या देशाच्या रुग्णांना भाषेची मदत करायची, अशी नोकरी तिला सांगितली होती. आधी काठमांडूला नेलं, तिथून गाडीत झोपवून सीमेपलीकडे आणलं. जाग आली तेव्हा ती दिल्लीच्या वाटेवर होती आणि पासपोर्ट गायब होता. घरी तिची लेक होती, मलिका, नीट बोलायलाही न लागलेली. तिला बहिणीकडे ठेवून "सहा महिन्यांत येते" असं सांगून ती निघाली होती.

धाडीत सुटल्यावर ती फरीदाबादच्या एका आश्रयगृहात राहायला आली. खटला उभा राहिला, साक्ष द्यायची म्हणून तिला थांबवलं गेलं, वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. तिनं साक्ष दिली, आणि अशी दिली की समोरच्या वकिलानं उलटतपासणी अर्ध्यात आवरली. न्यायालयानं सांगितलं, बाई जाऊ शकते. तिच्या वकिलातीनं परतीच्या प्रवासापुरता पासपोर्टही करून दिला. उरली होती फक्त देश सोडायची परवानगी.

एवढ्यात तिनं मला विचारलं, "ओपा, सप्टेंबरच्या आधी होगा?" ओपा म्हणजे त्यांच्याकडे ताई. मी म्हटलं, सप्टेंबरात काय आहे?

तेव्हा तिनं सांगितलं. त्यांच्याकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळेची पहिली घंटा होते. पहिलीतल्या मुली केसांना मोठ्या पांढऱ्या रिबिनी बांधतात, बाईंसाठी फुलं घेतात आणि आईचा हात धरून शाळेत जातात. मलिका यंदा पहिलीत जाणार होती. ती मावशीलाच आई म्हणायला लागली होती आणि व्हिडिओ कॉलवर नर्गिझाला बघून लाजून पळून जायची.

"उस दिन मेरी बहन हाथ पकडेगी, तो फिर वही माँ," ती म्हणाली. "मैं पूरी ज़िंदगी मौसी."

मला दोन मुलगे आहेत आणि दोघांच्याही शाळेच्या पहिल्या दिवशी मी कोर्टात होते. त्यामुळे मी लगेच पोर्टल उघडलं.

पोर्टलवर पहिल्याच पानावर लाल चांदणी असलेला एक रकाना होता: व्हिसा क्रमांक. रिकामा ठेवला तर पुढे जाऊ देईना. शून्यं टाकली, नाकारली. "व्हिसा नव्हता" असं लिहिलं, तर म्हणालं, कृपया वैध क्रमांक द्यावा. त्याखाली विचारलं होतं, भारतात कुठून आणि कधी प्रवेश केला? झोपेत, असा पर्याय यादीत नव्हता.

म्हणून मी कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते विचारू नका. तिथले साहेब निघाले मराठी. निमकर साहेब मूळचे सोलापूरचे, पण नोकरीचं सगळं आयुष्य दिल्लीत. माणूस इतका सरळ की भेटायला आलेल्याचा चहासुद्धा पीत नसत. अशा माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

"मॅडम, सिस्टिम म्हणते ही लेडी भारतात आलेलीच नाही," ते म्हणाले.

"साहेब, ती बाहेर बाकावर बसली आहे."

"असेल ना. पण रेकॉर्डवर नाही."

"मग बाकावर कोण बसलंय?"

"ते मी कसं सांगणार? एन्ट्री नाही तर एक्झिट कशी? जी आलीच नाही तिला जायची परमिशन दिली, तर ऑडिटवाले मला बिल्कुल सोडणार नाहीत."

मी कागद पुढे केले. त्यातही गंमत होती. न्यायालयाच्या आदेशात तिचं नाव झाकलेलं होतं, कारण अशा बायकांची ओळख उघड करायची नाही असा कायदाच आहे आणि चांगला आहे. पोलिसांच्या कागदांवर होतं "सोनिया", कारण त्या फ्लॅटमध्ये तिला तेच नाव दिलं होतं. निमकरांनी सगळं मन लावून वाचलं आणि विचारलं, "यात नर्गिझा युसुपोवा कुठे आहे?" प्रश्न रास्त होता, म्हणून जास्त राग आला.

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. नव्या नियमांच्या अगदी शेपटाला एक कलम होतं. कागद नसले, तरी ही व्यक्ती भारतात आहे आणि ही तीच आहे, अशी अधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटली, तर तसा शेरा लिहून त्याला परवानगी देता येत असे. हे कलम कुणीच वापरत नव्हतं. "माझी खात्री पटली" हे वाक्य सरकारी नोकरीत निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुणी लिहीत नाही.

निमकर हसले. "दातार मॅडम, माझी खात्री कशी पटणार? मी ओळखतो का तिला?"

मेट्रोत घरी येताना ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. ओळखत नाहीत. ठीक आहे. मग ओळख करून द्यायला हवी. आणि मराठी माणसाची मराठी माणसाशी दिल्लीत ओळख कुठे होते, हे काय मला कुणी सांगायला हवं?

आमच्या फरीदाबादच्या मंडळाच्या गणपतीची बैठक त्याच आठवड्यात कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये होती. साबुदाणा वड्यांसाठी आम्ही तिथे भेटतो, बैठक हे निमित्त. मोदक स्पर्धा आम्ही गणपतीच्या तीन-चार आठवडे आधीच उरकतो; तिला प्रमुख पाहुणे कोण बोलवायचे, यावर चर्चा चालली होती. नंतर काही लोकांनी माझ्यावर आरोप केला की मी निमकरांना मुद्दाम बोलावलं. त्यांना मी एवढंच सांगते, की पाहुणे समिती ठरवते. त्या समितीत मी होते, ही वेगळी गोष्ट.

"सरकारी माणूस येईल का?" कुलकर्णी वहिनींनी विचारलं. त्या मंडळाच्या अध्यक्ष.

"चहा घेत नाहीत," मी म्हटलं, "पण प्रसाद कसा नाकारतील?"

आम्ही दिल्लीची मराठी माणसं दर जानेवारीत बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावर जातो आणि हरलेल्या लढाईला भक्तिभावानं नमस्कार करून येतो. एखादी लढाई जिंकून बघावी, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

स्पर्धा सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी खुली होती. मी तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ घेऊन आश्रयगृहात गेले. तिथल्या अधीक्षक शर्मा मॅडमना सांगून स्वयंपाकघर मिळवलं. उकड काढली, मळली, पारी केली आणि नर्गिझाला दाखवायला म्हणून एक मोदक वळला. मी तीस वर्षं मोदक वळते आहे आणि माझे मोदक आजही लसणाच्या गड्ड्यासारखे दिसतात. नर्गिझानं तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि प्रथमच मला तिच्या चेहऱ्यावर उघड तुच्छता दिसली.

"ओपा, ये तो मंती है," ती म्हणाली. तिनं पारी घेतली आणि बघता बघता बारीक, सारख्या, नाजूक कळ्या पाडून मोदक मिटवला. त्यांच्याकडे मंती असेच वाफवतात. तिची आजी म्हणे डोळे मिटून वळायची. मग तिनं सारणाकडे बघून सहज विचारलं, "मटण डालना भूल गए?"

मंतीत काय असतं, ते मी आजवर कुलकर्णी वहिनींना सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या हातात पडल्यावर माझी तब्येत सांभाळा.

तिला मी आधी स्पष्ट विचारलं होतं. चारचौघांत यायचं आहे का? तिथे तू फक्त माझी पाहुणी असशील, दुसरं काही कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, येते, पण स्वतःच्या नावानं येते.

स्पर्धा सरळ होती. ताटांवर फक्त आकडे होते, नावं नव्हती, आणि निमकरांना कोणतं ताट कुणाचं ते माहीत असायचं कारण नव्हतं. एवढी इमानदारी मी ठेवली. निमकर पत्नीसह आले, झब्बा वगैरे घालून. निमकर वहिनींनी नर्गिझाच्या ताटातला मोदक उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अहो, या कळ्या बघा. माझ्या आईच्या हातच्या असायच्या तशा." साहेबांनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला. परीक्षकानं दुसरा उचलला की निकाल लागला, हे आमच्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे.

"पहिला क्रमांक, नर्गिझा युसुपोवा, दातारांच्या पाहुण्या!" कुलकर्णी वहिनींनी एका दमात वाचलं. टाळ्या पडल्या. नर्गिझा पदर सावरत स्टेजवर गेली. साडी तिच्यासोबत आलेल्या शर्मा मॅडमची होती.

"कहाँ से हो, बेटा?" निमकरांनी कौतुकानं विचारलं.

"समरकंद से, सर."

"अच्छा! और मोदक इतने बढ़िया? यहाँ कब से हो?"

"बहुत साल हो गए, सर."

"तभी! हिंदी भी बढ़िया है," असं म्हणून त्यांनी तिच्या हातात स्टीलचा मोठा डबा दिला आणि फोटोसाठी हसले. त्यांच्या टेबलावर रोज इतकी परदेशी नावं येतात की हे नाव कुठे ऐकलंय, हे त्यांना आठवलं नाही. मी आठवण करून दिली नाही. स्पर्धेच्या दिवशी कामाचं बोलू नये.

आता आमच्या लोकांची एक सवय इथे कामाला आली. नाव न घातलेलं भांडं आपल्याला घरात चालत नाही. म्हणून मंडपातच आम्ही भांड्यांवर नावं घालणारा बसवतो. बक्षीस मिळालं की त्याच्या मशीनखाली धरायचं. मी मजकूर सांगितला: नर्गिझा युसुपोवा हिस, मा. श्री. निमकर यांचे हस्ते, गणेशोत्सव, फरीदाबाद.

"मॅडम, एवढं लांब? नुसतं नाव घालतो ना," तो म्हणाला.

"डबा मोठा आहे," मी म्हटलं. "हस्ते सोडू नका, हस्ते महत्त्वाचं आहे."

मशीनची सुई घरघरत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उठवत होती. नर्गिझा वाकून बघत होती. झाल्यावर तिनं त्यावरून बोट फिरवलं. "इसमें मेरा पूरा नाम है?" मी हो म्हटलं. तिच्या वकिलातीचा पासपोर्ट सोडला, तर इतक्या वर्षांत या देशात कुणी तिचं खरं नाव कशावर लिहिलं असेल, तर ते हेच पहिलं. ती डबा पोटाशी धरून खुर्चीवर बसली आणि रडली. शर्मा मॅडम रडल्या. मीही रडले. नाव घालणारा म्हणाला, "काही चुकलं का?"

सोमवारी आम्ही कार्यालयात गेलो. दारावरच्या शिपायानं पिशवी तपासली. "डब्बे में खाना है?"

"नहीं," मी म्हटलं, "सबूत है."

निमकरांच्या टेबलावर मी डबा ठेवला, मजकूर त्यांच्याकडे करून. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग डबा फिरवून मागची बाजूही पाहिली.

"साहेब," मी म्हटलं, "ही बाई भारतात नसेल, तर तुम्ही डबा दिलात कुणाला?"

"दातार मॅडम, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मोदक मुद्दाम केले. बाकी गणपतीची इच्छा."

त्यांना हसू आलं नाही. आणि ते बरोबरच होतं, कारण शेरा लिहायचा म्हणजे सही त्यांची आणि उद्या जाब विचारला गेला तर मानही त्यांची. त्यांनी नर्गिझाला आत बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "इतनी जल्दी किस बात की है?"

तिनं सांगितलं. पांढऱ्या रिबिनी, फुलं, पहिली घंटा, कोण हात धरणार. तिची हिंदी मोडकी होती, पण त्यातला एकही शब्द समजायला अवघड नव्हता. निमकरांनी तिची फाइल पुढे ओढली. मग त्यांनी पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं की या महिलेला मी स्वतः भेटलो आहे, ती भारतात आहे आणि ही तीच आहे, याबद्दल माझी खात्री पटली आहे. कुठे भेटलो, ते लिहिलं नाही. सही करून कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी मला बोलावू नका."

विमानतळावर मला आतपर्यंत जाऊ दिलं नाही. नर्गिझानं नंतर सांगितलं, की तिच्या त्या कोऱ्या पासपोर्टवर एकच शिक्का बसला, बाहेर जाण्याचा. सरकारी हिशेबात ती भारतात कधी आलीच नाही, फक्त गेली.

गोष्ट इथे संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण नियम पुन्हा बदलले. ते शेपटाचं कलम गेलं. आता अधिकाऱ्याची खात्री चालत नाही, यंत्रणेची लागते. निमकर साहेबांची बदली झाली, आमच्यामुळे नव्हे, असं ते म्हणतात. आश्रयगृहात आजही बायका आहेत, त्यांची मुलं कुठेतरी मोठी होत आहेत, आणि सगळ्यांना काही मोदक येत नाहीत. घरी जाण्यासाठी कुणाला मोदक यावे लागावेत, या गोष्टीचा मला अजून राग येतो. रोज सकाळी परिपत्रक वाचताना मी तो राग ताजा करून घेते.

घरी पोचल्यावर नर्गिझाचे पहिले दिवस वाईट गेले. मलिका तिच्याजवळ येईना. मावशीच्या पाठीमागून बघायची आणि कुणी काही म्हणायला लागलं की बाहेर पळायची. मग शाळेचा दिवस आला. नर्गिझानं समोसे केले, त्यांचे, मटणाचे, आणि बाईंना द्यायला डब्यात भरले. डबा मलिकाच्या हातात दिला. मुलीनं ठिपक्यांवरून बोट फिरवत विचारलं, हे काय लिहिलंय? नर्गिझा म्हणाली, माझं नाव. हे मला तिनं फोनवर सांगितलं, आणि पुढचंही, हसत आणि रडत, इतक्या घाईनं की मला दोनदा विचारावं लागलं.

शाळेच्या दारात बाईंनी विचारलं, "किती छान डबा! कुणाचा?"

मलिकानं नर्गिझाचा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं डबा वर करून दाखवला आणि म्हणाली, "माझ्या आईचा. तिचं नाव आहे ना त्यावर."